नायवे

आमच्या तळ्याच्या काठाने जाणाऱ्या रस्त्याला सरकारने एक दिवस बोर्ड लावला आणि तो हायवे झाला. रस्ता तरी केवढासा! या टोकाला हाक मारली तर त्या टोकाहून ओ यायची. आई बोर्डाखाली उभी राहून म्हणाली, "कसला हायवे गं? एष्टी नाय, टेंपो नाय. नायवे हाय हा!" झालं, सगळं गाव त्याला नायवेच म्हणायला लागलं.

मला मात्र हसू येत नव्हतं. त्या वर्षी मी सातवीत होते आणि गावातली शाळा तिथेच संपायची. हायस्कूल लांब, कर्जतला. बाबांनी सांगून टाकलं होतं, "एष्टी आली तर जा. नाय तर बास झालं शिकशान." बाबा वाईट नव्हते हो, पण एकदा नाय म्हणाले की नाय.

थंडीत एसटीचे साहेब रिकामी गाडी घेऊन रस्ता बघायला आले. तळ्याच्या वळणावर गाडी अडली. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला आमच्या शेताची काट्याकुट्यांची वई आणि वईच्या आत आईचा वाल. भात निघालं की त्या कोपऱ्यात ती दरवर्षी वाल पेरायची. मेल्या वालाचं काय ते कौतुक! कुणाची गाय आत शिरली तर आमची धडगत नसे. ड्रायव्हरने गाडी मागे घेतली, पुढे घेतली. शेवटी साहेब म्हणाले, "वळण बसत नाही. इथून गाडी जायची नाही."

आईने माझ्याकडे बघितलं. मग घरात जाऊन कोयता घेऊन आली, वई तोडून आडवी केली आणि तशीच वालात शिरून वेल उपटू लागली. शेंगा नुकत्या कुठे भरत होत्या. बाबा ओरडले, "अगं, येड लागलं का तुला?"

"वाल पुडच्या साली येल. पोरगी परत सातवीत बसनार हाय का?"

जरा वेळाने बाबाही खाली बसून वाल उपटू लागले. मोकळ्या झालेल्या कोपऱ्यावरून गाडी अलगद फिरली. साहेब "बघतो" म्हणाले, तर आईने त्यांच्या हातात शेंगांच्या वेलांची पेंढीच कोंबली. "शिजवून खावा साहेब, पन गाडी धाडा."

उरलेल्या कोवळ्या शेंगा आम्ही भांबुर्ड्याच्या पाल्यात घालून मडक्यात भाजल्या, पोपटी लावली. तशी गोड पोपटी मी पुन्हा कधी खाल्ली नाही.

उन्हाळ्यात त्या कोपऱ्यावर खडी पडली आणि शाळा उघडली तशी खरंच एसटी आली. दप्तर मांडीवर घेऊन मी खिडकीशी बसले. आई वळणावर उभी होती. वाटलं, आता मला हात करील. कसलं काय! ती चाकांकडे बघत होती. गाडी वळू लागली तशी जोरात ओरडली, "हळू चालव रं बाबा, खाली माजा वाल हाय!"

सगळी गाडी हसली. मी दप्तरात तोंड खुपसून रडत होते.