आक्काचा पहारा

गोळी माझ्या हातावर ठेवली की आक्का समोरून हलत नसे. मी पाणी प्यालो की म्हणे, "आ कर. जीभ उचल." मी तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा. ती माझी थोरली बहीण. वैरागची शेती मुलावर सोपवून सोलापुरात येऊन राहिलेली. तिचं तोंड पाहिलं की माझं डोकं फिरे, आणि तिलाही मी डोळ्यांसमोर नको असे.

माझं व्यसन मोबाइलचं. नवी पेठेतल्या कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक उभं असतानाही माझा अंगठा पडद्यावर फिरत असे. मालकाने काढून टाकलं, बायको माहेरी गेली, तरी अंगठा थांबला नाही. मग आक्काने मला मानसोपचाराच्या डॉक्टरीणबाईंकडे ओढत नेलं.

"मोबाइल सोडवणारी गोळी नसते," बाई म्हणाल्या. "यांना उदासीचा आजार आहे, त्याच्यावर ही गोळी. तो कमी झाला तर फोन खाली ठेवणं जमेल. ठेवायचा मात्र यांनीच."

"न्हाय ठेवला तर मी हाय की," आक्का म्हणाली.

ती जिभेखाली पाही, म्हणून मी गोळी गालात दाबे आणि नंतर शर्टाच्या खिशात थुंके. एकदा धुताना तिला खिशात पांढरा लगदा सापडला. तो ओला शर्ट तिने माझ्या ताटाशेजारी आदळला.

"माझ्या घरातून चालती हो," मी म्हणालो.

"घर आप्पांचं हाय. न्हाणीत पडून तासभर हाका मारत हुते ते. तू हितंच बसला हुतास."

खरं होतं. कानात इयरफोन घालून मी व्हिडिओ पाहत होतो. आप्पांचा, म्हणजे आमच्या वडिलांचा, खुबा मोडला. अंथरुणाला खिळले आणि दोन महिन्यांत गेले. तो शर्ट आदळेपर्यंत आक्का याबद्दल अवाक्षर बोलली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी गोळी गिळली. आधी नुसती मळमळ. काही आठवड्यांनी सकाळी उठावंसं वाटू लागलं. फोन आक्काच्या ट्रंकेत असे. मागायला गेलो की ती शिव्या घाली, मीही घाली. हळूहळू मागणं कमी झालं.

वर्षभराने बाईंनी गोळी हळूहळू बंद केली. शेवटची गोळी घेतली त्या दुपारी आक्काने ट्रंकेतला फोन मला परत दिला आणि पिशवी भरली.

"राहा की, आक्का," मी म्हणालो.

"तुला बरं करायला आले हुते," ती म्हणाली. "माफ करायला न्हाय."

ती रिक्षात बसली. मागे पाहिलं नाही.

ती मला फोन करत नाही. मी केला तर उचलते, "झोप लागती का?" एवढंच विचारते, आणि मी हो म्हणालो की ठेवून देते.