बाळंतिणीच्या खोलीत वांगी

मथुराबाईंची आणि माझी पहिली भेट म्हणजे सरळ भांडण होतं. मी तेव्हा देऊळघाटच्या मळ्यांतली भाजी डोक्यावर घेऊन आमच्या गावात दारोदार, आणि बाजारच्या दिवशी पाल मांडून विकत असे. घरची पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. सरकारी दवाखान्यात दुसरबीडकडच्या कोणी नर्सबाई नव्याने आल्याचं कानावर आलं, तसं मी टोपलंभर निवडक भाजी त्यांच्या ओट्यावर नेऊन ठेवली.

"हे काय?"

"काही नाही बाई. आमच्या घरचीकडे जरा आधी ध्यान द्याल म्हणून."

"आधी म्हणजे कोणाच्या आधी?"

मी टोपलं आणखी पुढं सरकवलं. बाई म्हणाल्या, "जिला आधी कळा येतील तिच्याकडे आधी जाईन. टोपलं उचला."

चार दिवसांनी कळा आल्या. मूल आडवं होतं. पहाटेपासून दुपारपर्यंत बाईंनी घोटभर पाणीही घेतलं नाही. माझी मुलगी झाली, आणि तिची आई वाचली. मी पाया पडायला वाकलो तर म्हणाल्या, "बाजूला व्हा, उजेड अडतो."

पुढच्याच बाजारात बाई माझ्या पालापाशी आल्या. मी हरखलो. त्यांनी दोन वांगी हातात घेतली, देठाशी पाहिलं, खाली ठेवली आणि शेजारच्या पालावर गेल्या. मी मोठ्यानंच ओरडलो, "बाई, माझं घर वाचवलं तुम्ही, अन् वांगे त्याचे घेता काऊन?"

"तुमच्या घरच्यांना त्या दिवशी दुसरीकडं जायची सोय नव्हती, म्हणून मला चुकायची सोय नव्हती. वांग्याचं तसं नाही. तुमचं किडकं निघालं तर चार पावलांवर यांचं आहे."

सगळा बाजार हसला. शेजारचा तर महिनाभर मला "या किडकेसाहेब" म्हणत होता. पण त्या दिवसापासून मी माल निवडून मांडायला लागलो, आणि आज माझी भाजी ट्रकने अकोल्याला जाते त्याचं मूळ त्या अपमानात आहे. सरकारनं काय चालवावं आणि काय आमच्यासारख्यांवर सोडावं, यावर मी पुष्कळ भाषणं ऐकली. कान तिखट आहेत, त्यामुळे लक्षातही राहिली. बाईंच्या त्या चार पावलांइतकं स्वच्छ मला कोणी सांगितलं नाही. गिऱ्हाईक उठून पलीकडे जाऊ शकतं ते आमच्यावर सोडा. जिला उठताच येत नाही, तिच्यापाशी सरकारनं उभं राहावं.

आमचा जिल्हा बाईंच्या नोकरीत एका राज्यातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात गेला. दवाखान्याची पाटी तीनदा रंगली, बाई त्याच राहिल्या. पाटीखालून आत गेलेली पाटलाची सून आणि माझ्याकडे भाजी निवडायला येणारी मजूरबाई, दोघींना एकच खाट आणि एकच बोलणी मिळाली. सेवेबद्दल इतरांनी बाईंच्या या गौरव अंकात लिहिलं असेलच. मला पुढचं सांगायचं आहे, आणि ते गोड नाही.

दोन वर्षांपूर्वी बाई निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी कोणी आलं नाही. सहा महिने दवाखान्यातल्या त्यांच्या खोलीला कुलूप राहिलं. मग गावच्या समितीला एकदम जनतेची दया आली आणि व्यापाऱ्यांच्या लुटीतून लोकांना सोडवण्यासाठी सरकारी भाजी दुकान निघालं. कुठं? बाळंतिणीच्या खोलीत! जाड भिंतींची, उत्तरेकडच्या खिडकीची खोली, थंड राहते म्हणे. नव्या बाळांचं वजन करायचा काटा तिथंच होता. त्याच्या पारड्यात हिरव्या मिरच्या.

उद्घाटनाला बाई काठी टेकत आल्या. लोकांना वाटलं, आशीर्वाद द्यायला आल्या. त्यांनी पारडं उचललं, मिरच्या अध्यक्षांच्या टेबलावर ओतल्या, पारडं पदरानं पुसलं आणि काट्यासकट काखेत घेतलं. "यात लेकरं तोलतात, साहेब," एवढंच म्हणाल्या आणि निघाल्या.

मी भाजीवाला म्हणून माझ्या पोटात दुखतं, असं म्हणणारे आहेत. म्हणोत. त्या दुकानानं माझं एक गिऱ्हाईक नेलं नाही. तिथली वांगी चौथ्या दिवशी सडतात आणि कोणाला घास कडू लागत नाही. माझी सडली तर मला लागतो. समितीच्या सभेत मी उठून नर्सबाईंची रिकामी जागा भरा असा अर्ज दिला, तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "बुलढाण्याला खाजगी डॉक्टर आहेत की. सगळं सरकारनंच करायचं काय?"

"मंग वांगे काऊन विकून राह्यले, साहेब?"

सभा हसली. अर्ज तसाच पडून आहे.

गेल्या महिन्यात माझ्या शेजारच्या माळ्याची सून अडली. घाटातला रस्ता बंद होता, बुलढाण्याला नेणं शक्य नव्हतं. गाडी मथुराबाईंच्या दाराशी गेली. गुडघ्यांमुळे त्यांना गाडीत चढता येईना, तर दोघांनी खुर्चीसकट उचलून आत ठेवलं. सून वाचली, मूल वाचलं. बाई आठ दिवस अंथरुणाला खिळल्या. मी भेटायला गेलो.

"बाई, आता नाही म्हणत जा."

"नाही म्हणणाऱ्यांची कमी आहे का इथं, की मीही म्हणू?" मग आवाज खाली आला. "त्या दिवशी नाळ बांधताना माझा हात थरथरला. दरवेळी निभणार नाही हे. गौरवाचं काय लिहायचं ते लिहा, पण हे लिहा."

म्हणून लिहिलं. येत्या समारंभात बाईंच्या खांद्यावर शाल घालायला तेच अध्यक्ष येणार आहेत. त्यांनी आधी खोलीतली वांगी काढावी, अर्जावर सही करावी, मग शालीला हात लावावा. नाहीतर बाईंनी शाल परत केली, तर पहिल्या रांगेत बसून मी टाळ्या वाजवीन.

मथुराबाईंना साठ वर्षं पुरी झाली. पुढची चाळीस त्यांना सुखाची जावोत, गुडघ्यांना आराम पडो, दुपारची झोप मोडायला कोणी न येवो. आणि आमच्या गावात यापुढे कोणत्याही लेकीसुनेला कळा सुरू झाल्या, तर घाबरलेल्या घराला मथुराबाईंचं नाव आठवायची गरज न पडो. त्यांना बोलावणं जावं ते बारशाला, मानाच्या पाटावर बसवायला.