काहून पडला असन

दोन पोरी फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या तेव्हा मी अंगणात उन्हात बसून तुरीच्या शेंगा सोलत होतो. संध्याकाळी सोलेभात करते, असं माझी बायको प्रमिला जाताना सांगून गेली होती. पोरी तिच्या वर्गातल्या. शाळा सुटली की विहाराच्या मागच्या खोलीत ही पोरं जमायची आणि प्रमिला त्यांच्यासोबत बसायची. त्यातली मोठी, श्रावणी नावाची, म्हणाली, "आबा, आजी उठून नाही राहिली." मला वाटलं, बसल्या जागी डोळा लागला असेल. मी म्हटलं, हलवून पाहा ना वं. तर ती म्हणाली, "हलवलं. आधी आमाले वाटलं, विचार करून राहिली."

ती पोरं पाव तास तशीच बसून होती, हे मला मागाहून कळलं. प्रमिलाची सवयच तशी होती. पोरांनी बनवलेलं काही मोडलं, पडलं, की ती एक प्रश्न विचारायची आणि भिंतीला टेकून गप्प व्हायची. मग पोरंही गप्प व्हायची. त्या दिवशी त्यांचा कागदी नळ्यांचा पूल पडला, तिनं विचारलं, आणि ती गप्प झाली... सगळे वाट पाहत राहिले. डॉक्टर म्हणाले, हृदय एका क्षणात थांबलं, त्रास झाला नाही. असेल. पण कोणत्या क्षणात, ते तेही सांगू शकले नाहीत. त्या पाव तासात ती किती वेळ विचार करत होती आणि किती वेळ नव्हतीच, हा हिशोब माझ्या डोक्यात अजून लागत नाही. पाच आठवडे झाले.

मी सातवीपर्यंत शिकलो. कोराडीकडच्या एका खाजगी कारखान्यात बत्तीस वर्षं फिटर होतो. लिहायची सवय नाही, तेव्हा सरळ सांगतो, मला तिचा तो वर्ग कधी आवडला नाही. प्रमिला कामठीची. तिच्या बापाच्या घरी दोन पॉवरलूम होते, आणि ती लहानपणापासून त्यावर लागणाऱ्या धाग्याच्या कांड्या भरायची. धागा तुटला की कुठं तुटला ते नुसत्या आवाजावरून सांगायची, असं तिचा भाऊ म्हणे. मी तेव्हा ते हसण्यावारी नेलं. घरात हत्यारं माझी, तेव्हा घरातला इंजिनिअर मी. मिक्सर बंद पडला, कूलरचा पंप बसला, की मी पाना घेऊन बसायचो आणि ही समोर येऊन बसायची. काहून बंद पडला, असं विचारायची. मी चिडायचो. म्हणायचो, तुले समजते का त्यातलं? चहा ठेव. ती चहा ठेवायची आणि परत येऊन बसायची.

चिडण्याचं कारणही सांगतो. कारखान्यात 'काहून', म्हणजे 'का', हा शब्द फोरमनचा होता. मशीन थांबली की तो यायचा, कमरेवर हात ठेवायचा आणि म्हणायचा, काहून थांबली? तिथं कारण कोणी सांगत नसे. नाव सांगावं लागे. कोणाच्या हातून झालं, कोण कुठं होता. बत्तीस वर्षं हा शब्द कानावर पडला की मी आधी हात वर करून सांगायला शिकलो, की मी नव्हतो साहेब. तोच शब्द घरात बायकोच्या तोंडून आला की डोकं फिरायचं.

वर्गाचं असं झालं, की सहा-सात वर्षांपूर्वी शहरातून एक तरुण ताई आमच्या वस्तीत आली. शाळा सुटल्यावर पोरांना इंजिनिअरिंगची गोडी लावायची, अशी तिच्या संस्थेची योजना होती. खोली विहारानं दिली. खोली झाडायला आणि कुलूप उघडायला एक बाई पाहिजे होती, ती प्रमिला झाली. वर्षभरानं योजना संपली, ताई रडत गेली, आणि सामानाचे चार डबे तसेच राहिले. दुसऱ्या दिवशी चार वाजता पोरं दारात हजर. प्रमिलानं कुलूप उघडलं. एवढंच झालं. त्यानंतर तिनं ते कधी बंद केलं नाही. मी थट्टा करायचो, की नववी नापास बाई इंजिनिअर बनवून राहिली. ती म्हणायची, "मी कुठं बनवून राहिली? मी तं बसून राहिली." जुनी वर्तमानपत्रं, खराट्याच्या काड्या, दोऱ्याची रिकामी रिळं, बाटल्यांची झाकणं, हे सगळं ती वस्तीभर मागून आणायची. पोरांनी रिळांवरून दोरी घेऊन बादली वर ओढायचं यंत्र केलं, झाकणांच्या चाकांची गाडी केली. ती गाडी वाकडी चालायची. दोन आठवडे ती वाकडीच चालली आणि हिनं ती सरळ करून दिली नाही. मला रागच यायचा. मुलांचा वेळ कशाला घालवायचा?

एकदा मी तिचा डबा द्यायला गेलो. पोरं दोन स्टुलांच्या मधे कागदी नळ्यांचा पूल बांधत होती. त्यावर पाण्याच्या बाटल्या ठेवायच्या, किती पेलतो ते पाहायचं. पूल दोन बाटल्यांत बसायचा. हातभर अंतरावरून मला दिसत होतं, की त्याला तिरपा आधार नाही. मला राहवलं नाही. मी चार नळ्या घेतल्या, तिरप्या बांधल्या, दहा मिनिटांत काम झालं. सहा बाटल्या पेलल्या. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी प्रमिलाकडे पाहिलं, तर ती उरलेल्या नळ्या डब्यात भरत होती. घरी आल्यावर बोलली. एवढ्या वर्षांत इतक्या थंड आवाजात ती माझ्याशी कधी बोलली नव्हती.

"तुमी पूल बांधला. आता ते काय बांधतीन?"

मी म्हटलं, बरोबर करून दिला ना वं, त्यात काय चुकलं? ती म्हणाली, चुकलं काहीच नाही, म्हणूनच तं. दुसऱ्या दिवशी तिनं पोरांसमोर तो पूल सोडवून नळ्या परत डब्यात टाकल्या. मी आठ दिवस फुगून बसलो. त्यानंतर त्या खोलीत पाय ठेवला नाही... ती गेली त्या दिवसापर्यंत.

तिचा जलदान विधी झाला. आलेले पाहुणे गेले. मग विहाराचे सेक्रेटरी आले, चांगला माणूस आहे. म्हणाले, काका, वर्ग चालवणारं कोणी असेल तर खोली तशीच ठेवू, नसेल तर पुढच्या महिन्यापासून तिथं मोठ्या मुलांची अभ्यासिका करू. काय ते सांगा. मला नाही म्हणायचं होतं. पण त्याच दिवशी चार वाजता पोरं फाटकाशी येऊन उभी राहिली, दप्तरं पाठीवर तशीच. तिची चावी खुंटीवर होती. मी उठलो.

पहिल्या दिवशी अकरा पोरं होती. त्यांनी तो अर्धा राहिलेला पूल पुन्हा बांधायला घेतला. मी ठरवलं होतं, हात लावायचा नाही, ती जशी करायची तसंच करायचं. पूल पडला. मी विचारलं, "काहून पडला?" मग एका पोरानं दुसऱ्याकडे बोट दाखवलं, "यानं हलवला." दुसरा म्हणाला, मी नव्हतो आबा, मी तं तिकडे होतो. त्याचा हात वर गेला होता, अगदी माझ्यासारखा. दुसऱ्या दिवशी सात पोरं आली, तिसऱ्या दिवशी चार.

मला समजेना. शब्द तोच, खोली तीच, पूल तोच. तिच्यासमोर पोरं पाव तास विचार करत बसायची, आणि माझ्यासमोर साक्षी देऊन राहिली. मी श्रावणीला विचारलं, की तुमची आजीही हेच विचारायची ना? पोरगी मान हलवत म्हणाली, "नाही आबा. आजी म्हणे, काहून पडला असन?"

असन. म्हणजे असेल. एवढा एक शब्द. मी घरी येऊन अंगणात बसलो आणि ती घरात काय विचारायची ते आठवत राहिलो. मिक्सर काहून बंद पडला... असन? म्हणायची का ती असन? एवढी वर्षं मी पुढचं ऐकलंच नसेल का? 'काहून' ऐकलं की माझं डोकं फिरायचं, त्यापुढं कान उघडे कुठं होते. आता कोणाला विचारू?

दुसऱ्या दिवशी मी तसं म्हणून पाहिलं. पूल पडला, मी म्हटलं, काहून पडला असन? श्रावणी माझ्याकडे पाहून हसली. म्हणाली, "आबा, तुमाले तं माहीत आहे." पोरं फसत नाहीत. मला माहीत होतंच, एक जोड ढिला होता. मी म्हटलं, अन् आजीले माहीत नव्हतं राहत? "नव्हतं राहत. मंग आमी सगळे मिळून पाहो." हे खरं की खोटं, मला ठरवता येत नाही. आवाजावरून तुटलेला धागा ओळखणाऱ्या बाईला ढिला जोड दिसत नसेल? तिरपा आधार तर मी तिच्या डोळ्यांदेखत बांधला होता. मग ती पोरांशी खोटं बोलायची का? का तिला माहीत असलेलं ती रोज चार वाजता दाराबाहेर ठेवून आत जायची? असं करता येतं माणसाला? मला तर एक दिवसही आलं नाही.

मागच्या आठवड्यात पोरांनी पूल पुन्हा बांधला. तिरप्या नळ्या त्यांनी आपल्या मनानं लावल्या, दोन दिवस चुकल्यावर. मी लांबून सगळे जोड पाहिले. पक्के. माझ्या हिशोबानं सहा बाटल्या आरामात. पोरांनी पहिली ठेवली, दुसरी ठेवली, आणि पूल मधोमध खाली आला. मी उठून गेलो. नळ्या पाहिल्या, दोरा पाहिला, गाठी पाहिल्या. गुडघे दुखत होते तरी फरशीवर आडवा होऊन स्टुलाखालून पाहिलं. काही दिसेना. तसाच पडल्या पडल्या मी आपल्याशीच बोललो, "काहून पडला असन गा हा?"

कोणी बोट दाखवलं नाही. दोन पोरं माझ्या बाजूला फरशीवर आडवी झाली. एक म्हणाला, कागद ओला असन. श्रावणी म्हणाली, स्टूल डोलत असन. मग सगळे गप्प झाले, मीही झालो. ती जिथं टेकून बसायची तिथली भिंत मला खालून दिसत होती. तिच्या पाठीनं चुना घासून तिथं एक गुळगुळीत डाग पडला आहे, बसलेल्या माणसाएवढा.

सेक्रेटरींना मी अजून उत्तर दिलेलं नाही. वर्ग चालवता येतो का मला, हे मलाच माहीत नाही, तर त्यांना काय सांगू? काल ते रस्त्यात भेटले, म्हणाले, काका, काय ठरलं? मी म्हटलं, थांबा थोडे दिवस, खोली कोणाला देऊ नका. तो पूल काहून पडला ते अजून आम्हाला कळलं नाही.