लिनरावांच्या आईचे गुडघे

आजवर कुणाला सांगितलं नाही ते आधी सांगून टाकतो: भारत आणि चीन यांच्यातल्या अबोल्यात थोडा हात माझाही आहे. आणि तो अबोला मिटवण्याची कुवत या जगात एकाच माणसात होती, माझ्या बायकोच्या, हैदराबादेत बरकतपुऱ्यात राहणाऱ्या मामांमध्ये.

मामांचा कुकटपल्लीत औषधांची खोकी बनवायचा छोटा कारखाना. त्यातलं मोठं मशीन चीनहून आलं. ते बसवायला आलेल्या लिन नावाच्या इंजिनिअरला मामांनी हॉटेलातून उचलून घरीच ठेवून घेतलं, त्याचा ‘लिनराव’ केला, वरणात भाकरी कुस्करायला शिकवली. त्यानं मामींचा जळका मिक्सर चालू करून दिला, तर निघताना मामांनी त्याला टॉवेल-टोपीचा आहेर केला. मामांच्या लेखी सगळं राजकारण म्हणजे लग्नघर. पुढे सीमेवर तणाव वाढला, व्हिसा बंद झाले, मालावर बंधनं आली, तेव्हा पेपरची घडी करत मामा म्हणाले, ‘व्याही रुसलेत. मानपान राहिला असंल कुणाचा तरी.’ शेजाऱ्यानं चिनी मशीन भंगारात काढायचा सल्ला दिला. त्याला म्हणाले, ‘हौ, काढतो की. आधी तुमच्या खिशातला फोन काढा.’

पण मशीन अडखळू लागलं, कारखाना सगळा त्याच्यावर, आणि लिनरावांना येता येईना. त्यांच्याशी इंग्रजी पत्रव्यवहार माझ्याकडे होता. मामांच्या घराण्याचा रिवाज असा, की बोलणं बंद असलं तरी ख्यालीखुशाली विचारायचीच. त्यामुळे मशीनचा रोलर तुटला तरी मामांचा मजकूर सुरू व्हायचा, ‘लिनराव, आईचे गुडघे कसे हैत? मामीनं तुमच्या वाटणीचं लोणचं ठेवलंय.’ रोलर शेवटी, तोही आठवला तर. मी त्यातलं फक्त रोलरचं लिहून पाठवायचो. दिवस तसे होते; चिनी माणसाशी गुडघ्यांवर बोलायची मला भीती वाटायची. उत्तरही रोलरचंच यायचं. मामा चष्मा पुसत विचारायचे, ‘जावईबापू, रागावले काय हो लिनराव? आईचं विचारलं तरी बोलंनात.’ मी म्हणायचो, ‘कामात असतील.’

आता व्हिसा पुन्हा मिळू लागलेत. परवा लिनरावांचा निरोप आला, पुढच्या महिन्यात येतोय. खाली, कुणी न विचारता, एक ओळ: ‘मामींचा मिक्सर चालतो का?’ मी वाचून दाखवली. मामा आत हाक मारून म्हणाले, ‘अगं, मिक्सर लाव जरा. आवाज पाठवू.’

ती घरघर मी जशीच्या तशी पाठवली. इतक्या वर्षांत मामांचं बोलणं न कापता पोचवलं ते एवढंच. लिनरावांना मी मामांचे सगळे निरोप देणं लागतो. आणि मामांना हे सांगणं लागतो, की ते निरोप कधी गेलेच नव्हते.