फोटोत नसलेला बाबा

शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकांची वर्गवारी करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. त्यामुळे भावाच्या कॉम्प्युटरमधला फोटोंचा ढिगारा माझ्याशिवाय कुणी लावू शकणार नाही, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही.

भाऊ बोटीवर नोकरीला. सुट्टीवर मांडवीच्या घरी आला की डिजिटल कॅमेरा हातातून सुटायचा नाही. घर, अंगण, माणसं, सगळं फोटोत भरून बोटीवर न्यायचं, ही बोटीवाल्यांची रीतच. मागच्या सुट्टीत त्याची लेक त्याला परका समजून वहिनीच्या गाऊनमागे लपायची. जरा कुठे खुलली, तर त्याची निघायची वेळ झाली. आता तो पुन्हा यायचा होता आणि फोनवर एकच घोर, "पोरगी ओळखेल ना गो मला?"

"ओळखेल. मी बघते," मी ठणकावून सांगितलं.

बेत सोपा होता. प्रत्येक फोटोला टॅग लावायचे, मग 'बाबा' शोधून तेवढेच फोटो पोरीला रोज दाखवायचे. पुस्तक एकाच कप्प्यात बसतं. फोटो मात्र जेटी, फणस, आजी अशा दहा कप्प्यांत एकदम बसतो, याचा मला कोण आनंद!

"वन्सं, आता आमटीलापण टॅग लावा," वहिनी म्हणाली.

काम संपवून मी ऐटीत 'बाबा' शोधलं. फोटो आले दोन. एकात नुसता खांदा, दुसऱ्यात आरशासमोर उभा, तोंडावर कॅमेरा. असा संताप आला मला! सगळ्यांचे फोटो काढणारा हा शहाणा स्वतः कुठेच नव्हता.

चिडूनच पुन्हा फोटो चाळले. मागच्या सुट्टीच्या अखेरच्या दिवसांतल्या एकात पोरीने जांभळं खाऊन रंगलेली जीभ बाहेर काढली होती. कुणाला दाखवत होती ती? जे फोटोत दिसत नाही त्याचा टॅग लावू नये, हा माझाच नियम. मी तो मोडला आणि त्याने काढलेल्या तिच्या प्रत्येक फोटोला 'बाबा' लावला. मग रोज संध्याकाळी तिला मांडीवर घेऊन विचारायचे, "जीभ कुणाला दाखवतेस गो?"

"बाबाला."

तो आला त्या दिवशी मात्र रिक्षा दारात थांबताच पोरगी पुन्हा गाऊनमागे. त्याने पसरलेले हात तसेच राहिले. त्याचा चेहरा मला बघवेना.

"बघत काय बसलायस? कॅमेरा काढ!" मी ओरडले.

त्याने कॅमेरा डोळ्याला लावला. गाऊनमागून एक डोळा आला. मग नाक. मग ती सबंध बाहेर आली, त्याच्यासमोर उभी राहिली आणि तिने जीभ काढून दाखवली.

बटण दाबता दाबताच तो तिच्याकडे झेपावला, त्यामुळे फोटो पार हलला. त्यात कोण आहे ते कुणालाच ओळखता येत नाही. टॅग मी लावलाय: बाबा.