जुन्या नागलीची पाटी

ठाण्याच्या मॉलमध्ये मी दोन वर्षं एकच काम केलं. बिस्किटांचे तुकडे ट्रेमध्ये मांडायचे, येणाऱ्याजाणाऱ्यापुढे धरायचे आणि म्हणायचं, "सर, चाखून बघा, एकदम नवीन आहे." आमच्या सुपरवायझरने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, फुकट खाल्लं की माणसाला रिकाम्या हाताने जायची लाज वाटते, आणि 'नवीन' शब्द दिसला की त्याचे पाय थांबतात. दोन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या. गिऱ्हाइकाचं मन आपल्याला कळतं, अशी हवा माझ्या डोक्यात गेली ती तिथेच.

ती हवा घेऊन मी खोडाळ्याजवळच्या आमच्या पाड्यावर परत आले. आईबाबा दर वर्षी दिवाळी झाली की वीटभट्टीवर जायचे ते पावसाच्या तोंडावर परतायचे. पण त्या वर्षी आईची कंबर धरली होती. विटा वाहणं सोडा, हंडा उचलतानाही ती भिंतीला हात लावायची. तिने नागलीचे, म्हणजे नाचणीचे, लाडू करून बाजारात विकायचं मनावर घेतलं. बाबा म्हणाले, "लाडू चालले तर यंदा भट्टी नको." भट्टीच्या मुकादमाला दिवाळीच्या आत हो की नाही ते सांगायचं होतं. त्याआधी खोडाळ्याचा एकच आठवडी बाजार उरला होता.

म्हटलं, चला, आता आपली अक्कल दाखवू. मी जव्हारला जाऊन झाकणाच्या बरण्या आणल्या. मी परत येईपर्यंत आईने नागली भाजून, दळून लाडू वळूनही ठेवले होते. मी पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं, 'एकदम नवी नागली! आजच चाखा!' आईला वाचता येत नाही. तिने पाटीकडे कौतुकाने बघितलं आणि म्हणाली, "अक्षर चांगलं हाय."

बाजारात आम्ही मोक्याची जागा धरली. मी पळसाच्या पानावर लाडवाचे तुकडे मांडले आणि बायांना बोलवायला लागले, "या मावशी, चाखून तर बघा, फुकट आहे." बाया यायच्या, कोणीतरी पाटी वाचायची, मग आईकडे जरा विचित्र बघून पुढे जायच्या. एकीने तर पुढे केलेला हात मागे घेतला. तासभर हेच. माझ्या नाकावर राग कायमच बसलेला, तो आता टाळूला गेला. फुकटसुद्धा नको? काय माणसं आहेत! यांना मार्केटिंग कळायला अजून शंभर वर्षं जातील, असं मी आईला ऐकू जाईल इतपत पुटपुटलेसुद्धा.  आई पदराने लाडवांवरच्या माश्या वारत होती आणि मधूनच कंबर दाबत होती.

शेवटी एक म्हातारी आमच्यासमोर येऊन थांबली. आई तिला भाजी विकायची, त्यामुळे ओळख जुनी. बरोबरच्या सुनेने तिला पाटी वाचून दाखवली होती. तिने पानाकडे बघितलंही नाही. आईलाच विचारलं, "गे बाय, कणसरीला दिल्याबिगर नवी नागली इकतेस? तू?"

 कणसरी म्हणजे आमची धान्याची देवी. धान्य तिने दिलं, म्हणून नव्यातला पहिला घास तिचा. तो तिच्यापुढे ठेवून झाल्याशिवाय घरातलं कोणी नव्या दाण्याला तोंड लावत नाही, तोवर कणगीतलं जुनंच खायचं. हे मला माहीत नव्हतं थोडंच! लहानपणी मी खळ्यावरून चिमूटभर नवी नागली तोंडात टाकायला निघाले होते, तेव्हा आईनेच मनगट धरून ती परत टाकायला लावली होती. आणि आता मीच भर बाजारात आईच्या नावाने नवी नागली वाटायला बसले होते. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल मीच.

आईने माझ्याकडे वळून विचारलं, "काय लिवलंस तू?"

मी एकेका शब्दावर बोट ठेवत वाचून दाखवलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने पाटी मांडीवर घेतली, पदराने 'नवी' पुसायला बघितलं. शाई हलेना. मग ती म्हातारीला म्हणाली, "जुनी हाय, मावशे. गेल्या सालची. नवी अजून खळ्यावरच हाय. कणसरीची आण."

झालं, बुडालो, असं मला वाटलं. आपला माल जुना आहे हे कोणी आपल्या तोंडाने सांगतं का? मॉलमध्ये असं बोलले असते तर त्याच दिवशी घरी पाठवलं असतं मला.

म्हातारी मात्र पाय दुमडून खालीच बसली. "सुगी आली तरी जुनी उरली? भरलेलं घर हाय गे तुझं." तिने एक तुकडा तोंडात टाकला, सावकाश चावला आणि सुनेला म्हणाली, "घे याच्यातले." मी गपचूप पुठ्ठा उलटा केला आणि लिहिलं, 'गेल्या वर्षीची नागली'. दुपारपर्यंत बरण्या रिकाम्या झाल्या.

परतीच्या वाटेवर मी हवेत होते. "आई, काय बोलली गं ती म्हातारी! भरलेलं घर! हे तर आपल्याला दर वर्षी लिहिता येईल."

आई वाटेतल्या दगडावर टेकली. म्हणाली, "पोरी, उरली कशी माहिताय? खायला घरी कोण व्हतं?"

 दिवाळीपासून पावसापर्यंत आमचं घर कुलपात आणि कणगी तशीच भरलेली, हे मला एकदाही सुचलं नव्हतं. मी डोक्यावरचं ओझं खाली ठेवलं आणि तिची कंबर चोळत बसले.

यंदा भट्टीवर येत नाही, असं बाबांनी मुकादमाला सांगितलं. पुढच्या आठवड्यात नव्या नागलीची पहिली भाकरी कणसरीपुढे ठेवली, तेव्हा आई पुष्कळ वेळ हात जोडून उभी होती. मीही उभी राहिले. मॉलमध्ये दिवसाला शंभरदा 'थँक यू' म्हणायचे मी, पण त्या दिवशी एकदाच मनापासून म्हटलं, तेही मनातल्या मनात.

यंदाची सुगी आली तेव्हा मी लाडवांसाठी कणगीत हात घातला, तर तळच लागला. थोडी लाडवात गेली होती, बाकी आम्हीच वर्षभर खाल्ली होती. मी चरफडत आईला म्हटलं, "आता पाटीवर काय लिहू? भरलेलं घर कुठून दाखवू?"

आई चुलीपुढे भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही, पण हसली. "नवी हाय, कणसरीला दिलेली हाय, आसं लिव. आन् खाली लिव, जुनी सरली, घरात माणसं व्हती."

मी पुठ्ठा घेतला आणि तिने सांगितलं तसंच लिहिलं.