कुंडावरचं भांडण

सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडावर मी गुडघे शेकायला जाते. तिथं एकदा पोलादपूरकडची माझ्याच वयाची एक बाई आली. आल्या आल्या तिनं माझी बादली पायानं सरकवली.

"कुंड काय तुझ्या बापाचं हाय?"

"तुझ्या सासऱ्याचं तरी कुठं हाय?" मी म्हणाले.

ती रागावली नाही. उलट जवळ येऊन बसली. तिचा मुलगा जर्मनीत असतो. वर्षभर ती तिकडं राहून आली होती. आता इथलं घर विकलं होतं, मुलगा न्यायला आला होता आणि उद्या ती कायमची जाणार होती.

"तिथं शेजारीण चांगली हाय," ती म्हणाली. "ती हसते, मी हसते. वरीसभर हसून गाल दुखले गो. भांडायला कोण नाय."

"मग त्यांची भाषा शीक."

"क्लासला घातलेलं मुलानं. तिथं नुसतं नमस्कार आणि आभार शिकवतात."

रस्त्यावर गाडीत थांबलेल्या मुलानं हॉर्न वाजवला. तशी ती लुगडं पिळून मुकाट निघाली. मला कुणाची कीव करायला जमत नाही. ती गाडीत बसल्यावर मी मोठ्यानं म्हणाले, "जा गो, बरं झालं. जागा मोकळी झाली."

ती झटकन वळली, पण मुलानं काच वर केली होती. गाडी वळेपर्यंत काचेआड तिचं तोंड चालू होतं.